मागे कोण बसणार, ते आधी ठरवा

जुन्या मोटरसायकलीची गोष्ट निघाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला माणूस हळवा होतो. कुणाच्या गोठ्यात तुराट्यांच्या भाऱ्यामागे राजदूत उभी असते, कुणाच्या ओसरीत पोत्याखाली झाकलेली येझदी असते. टाकीवर कोंबडी बसते, चाकाला कोळ्याचे जाळे लागलेले असते; पण ती भंगारात देण्याचा विषय तर काढून पाहा! "बापाची गाडी हाये ते. कापसाच्या चुकाऱ्यातून घेतली होती." बस्स, विषय संपला.

आणि गाड्याही तशाच होत्या. राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची. मूळ नमुना पोलंड देशातल्या एस.एच.एल. या गाडीचा, इंजिन 175 सी.सी.चे. दुधाचे कॅन, युरियाची गोणी, वर घरधनीण आणि टाकीवर पोर, एवढे सगळे घेऊन ती चिखलातून घुर्र करत निघायची. 1973 साली 'बॉबी' सिनेमात तिचे बुटके भावंड झळकले आणि लोक त्या गाडीलाच 'बॉबी' म्हणू लागले. जावा मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथे 1961 पासून गाड्या बनू लागल्या, 1973 पासून त्यांना येझदी नाव मिळाले, आणि 1996 साली कारखाना बंद पडला. किकचा दांडा आत दाबून पुढे फिरवला की तोच गिअरचा दांडा व्हायचा. अशी युक्ती ज्याने काढली त्याला हात जोडावेत. जावा हे नाव 2018 साली आणि येझदी 2022 साली नव्या गाड्यांवर पुन्हा आले. पण नव्या गाडीचे सामान जुन्या गाडीला बसत नाही, ही आपली अडचण.

इंजिन सुरू करून देणारे मिस्त्री अजून तालुक्याच्या गावी आहेत. अडते ते सीटपाशी. सीटच्या तळाला जो पत्रा असतो, तो सर्वांत आधी जातो. वरून रेक्झिन फाटते, फोम पाणी पितो आणि ते पाणी पत्र्यावर महिनोन् महिने बसून राहते. त्यात युरियाच्या गोण्या वाहिलेल्या. युरिया आणि ओल एकत्र आली की लोखंडाचे काय होते, ते फवारणी पंपाचा पट्टा ज्याने पाहिला त्याला सांगायला नको. बोट लावावे तिथे पापुद्रा निघतो.

मग कुणीतरी सांगतो, "फायबरची बनवून घ्या, जन्मभर सडणार नाही." सल्ला वाईट नाही. मात्र हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट येते. घरातला तरुण मुलगा मोबाईलवर एक चित्र दाखवतो. गाडी तीच, पण सीट एकट्यापुरती, मागे कासवाच्या पाठीसारखा उंचवटा, आणि त्याच्या मागे काहीच नाही. विलायतेत शर्यतीच्या गाड्यांना अशी सीट असे. तिकडे 1950-60 च्या सुमारास चहाच्या हॉटेलांपासून शर्यती लावणारी पोरे अशा गाड्या करीत, म्हणून त्या तऱ्हेला कॅफे रेसर म्हणतात. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून अशा गाड्या बांधून देण्याचा धंदा चालतो. चित्र सुरेख दिसते, यात वाद नाही.

पण आमचे म्हणणे असे की, ज्या घरात एकच गाडी आहे, त्या घरात एकट्याची सीट कशाला? तापाने फणफणलेले पोर आरोग्य केंद्रात न्यायचे असते, बाईला बचत गटाच्या बैठकीला सोडायचे असते, म्हातारीचे डोळे तपासायला यवतमाळला न्यायचे असते. शर्यत कुणाशी लावायची आहे? म्हणून सीट करायला घेण्याआधी मागे कोण बसणार ते ठरवा, आणि जे बसणार त्याचे माप घ्या. पुढच्या माणसाच्या हातात हँडल असते. मागच्याच्या हातात काय असते?

कायदाही इथे मागच्या माणसाच्या बाजूने आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 128 वे कलम सांगते की दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस बसवावा, आणि तोही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवर. 1989 च्या केंद्रीय नियमांतला 123 वा नियम मागच्या माणसासाठी तीन गोष्टी मागतो. धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि मागचे चाक निदान अर्धे झाकेल असे संरक्षण, म्हणजे कपडा चाकात जाऊ नये. हाच आपला साडीगार्ड. जुनी गाडी उजळताना पोरे आधी तो साडीगार्डच काढून फेकतात, 'लूक बिघडतो' म्हणून. पदर चाकात ओढला जायला क्षण पुरतो. लूकचे काय ते तुम्हीच ठरवा.

शिवाय आर.सी. पुस्तक काढून पाहा. त्यात आसनसंख्या 2 लिहिलेली असते. एकट्याची सीट बसवली की पुस्तक एक सांगते आणि गाडी दुसरे. कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या नमुन्यापासून गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले. तळाचा सडलेला पत्रा काढून त्याच मापाचा, त्याच जागी बसणारा तळ घालणे ही दुरुस्ती. गाडीचा आकारच बदलणे वेगळे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर 5 वर्षांनी. तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागतेच. तिथे मुळासारखी दिसणारी दोघांची सीट कुणाच्या डोळ्यात खुपत नाही.

'व्हिंटेज' या शब्दाचीही थोडी भूल पडली आहे. जुलै 2021 पासून केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी ठेवली आहे. त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. तेव्हा ज्याला राजदूतवर बाजाराला जायचे आहे, त्याने तिकडे न वळता आपली साधी नोंदणीच चालू ठेवावी.

आता फायबरकडे येऊ. फायबर म्हणजे प्लास्टिक, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या कुडाच्या भिंतीकडे पाहा. नुसती माती लिंपली तर पहिल्या पावसात ढासळेल. नुसत्या तुराट्या उभ्या केल्या तर वारा आरपार जाईल. तुराट्यांवर माती बसली की मात्र भिंत उभी राहते. तुराट्या ताण घेतात, माती त्यांना धरून ठेवते. फायबरग्लासमध्ये काचेचे केसासारखे बारीक धागे तुराट्यांचे काम करतात आणि रेझिन नावाची पातळ राळ मातीचे. राळ घट्ट झाली की दोन्ही एकजीव होतात. अमेरिकेत 1930 च्या दशकात काचेचे धागे कारखान्यात निघू लागले, 1953 साली तिथे पूर्ण फायबरच्या अंगाची मोटार बाजारात आली. आपल्याकडे 1970 च्या दशकात बंगलोरला 'बादल' नावाची तीन चाकी गाडी निघाली, तिचे अंगही फायबरचे होते. आज कूलरची टाकी, छपराचे पत्रे, चौकातले पुतळे यांत ते आपण रोज पाहतो.

यात एक गुण आणि एक अवगुण आहे. गुण असा की गंज नाही, आणि हवा तो आकार. अवगुण असा की एकाच ठिकाणी भार पडला, बोल्टच्या भोकाशी ताण आला, की तिथून तडकते. पत्रा वाकतो, फायबर वाकत नाही. हा अवगुण ध्यानात ठेवूनच सगळे काम करायचे.

आणि एक स्पष्ट सांगतो. पत्रा दोन-चार जागीच सडला असेल, तर फायबरच्या नादी लागू नका. वेल्डिंगवाल्याकडून ठिगळे मारून, रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन काम भागते, आणि तासाभरात होते. पत्र्याची चाळण झाली असेल, किंवा सीटच हरवली असेल, तेव्हाच पुढचे वाचा.

माप घ्यायचे ते असे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. जिथे सीट असते तिथे पोत्याच्या घड्या रचा, सुतळीने बांधा. आधी चालकाने बसावे. दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात का पाहावे. मग मागे बाईमाणसाला बसवा. आपल्याकडे पुष्कळ बाया एका बाजूने बसतात, आणि सीट करणारा मात्र दोन्हीकडे पाय टाकून बसणारा पुरुष डोळ्यांसमोर धरतो. एका बाजूने बसणाऱ्याला रुंदी लागते. मागचा भाग शेपटीसारखा निमुळता केला तर अर्धे अंग बाहेर लटकते. सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस चालकावर येऊन आदळतो. मागे उतरती असेल तर चढावर सटकतो. मागची जागा सपाट हवी, कड मांडीला रुतू नये इतकी गोल हवी. घड्या कमीजास्त करा, गल्लीतून एक फेरी हळू मारा, आणि घरधनिणीला विचारा. ती "बरं हाये" म्हणाली म्हणजे पुरे नाही. "कुठं रुतते?" असे विचारा, म्हणजे खरे उत्तर मिळेल. मग त्या घड्यांची लांबी, रुंदी, उंची लिहून ठेवा.

साच्याचे दोन मार्ग आहेत. जुना पत्रा आकारापुरता तरी शाबूत असेल, तर तोच साचा. भोके मातीने बुजवायची, गंज घासायचा, आणि वरून फायबर चढवायचे. कडा आतल्या बाजूला वळलेल्या असतील तर त्या आधी सरळ करा, नाहीतर फायबर पत्र्याला मिठी मारून बसेल आणि सुटणार नाही. पत्रा मुळीच नसेल, तर गाडीवरच साचा बांधावा लागतो. फ्रेमच्या दोन्ही नळ्या, टाकीची मागची बाजू, मडगार्ड, सगळे प्लास्टिकच्या कागदाने नीट गुंडाळा. नळ्यांवर अर्धा इंच जाडीच्या रबराचे तुकडे ठेवा, कारण पुढे तिथे रबर बसणार आहे. मधे प्लायवूडची फळी, कडेने माती. माती शाडूची किंवा कुंभाराची घ्या. आपली काळी माती यासाठी कामाची नाही. ती वाळली की शेतात पडतात तशाच भेगा साच्यालाही पडतील. थर्माकोलही वापरू नका. या राळेत स्टायरिन नावाचे द्रव्य असते, ते लागताच थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून जातो. साचा वाळला, गुळगुळीत झाला, की फरशीला लावतात ते मेणाचे पॉलिश चार-पाच वेळा चढवा आणि दर वेळी कोरड्या फडक्याने घासा. यात आळस केला तर सगळे साच्याला चिकटते.

सामान नागपूर-अमरावतीला रंग-रसायनांच्या दुकानांत विचारले तर मिळते. काचेची मॅट, चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाची, सुमारे 1 किलो पुरते. साधे पॉलिस्टर रेझिन 2 किलो. त्याबरोबर दोन छोट्या बाटल्या येतात, आणि आता जे सांगतो ते घरातल्या सगळ्यांनी वाचावे.

एका बाटलीत जांभळट कोबाल्ट असते, ते काम लवकर व्हावे म्हणून. दुसरीत पाण्यासारखे दिसणारे हार्डनर असते, ते राळ घट्ट करणारे. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतू नका. भडका उडतो, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचे, नीट ढवळायचे, आणि मग वेगळ्या काडीने हार्डनर. त्याहून चांगले म्हणजे दुकानदाराकडूनच कोबाल्ट घातलेले रेझिन मागावे. मग घरी एकच बाटली येते आणि घोळ उरत नाही.

ते हार्डनर डोळ्यात उडाले तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावल्याशिवाय बाटलीचे बूच उघडायचे नाही. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यातली घरे कशी पोळली, ते आपण विसरलेलो नाही. त्यानंतर घरोघरी गॉगल आणि हातमोजे आले. ते फवारणीचे विष न लागलेले, नवे असतील तर इथेही चालतील. तोंडाला रुमाल बांधून मात्र राळेचा वास थांबत नाही. धुळीचा साधा मास्कही तो थांबवत नाही. कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि तोही उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून. थेंब डोळ्यात गेलाच, तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरायची, निदान पंधरा मिनिटे, पापण्या उघडून. मग कुठेही वेळ न घालवता यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचे. पाण्याची भरलेली बादली कामाच्या आधीच शेजारी ठेवा. आणि हे हार्डनर पाण्यासारखे दिसते, म्हणून पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. पोराटोरांच्या घरात तर नाहीच.

दुसरा धोका आगीचा. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात भरून ठेवतो. एखाद्या खोलीत छपरापर्यंत कापूस, आणि त्याच्याच पडवीत हे काम काढले तर? राळेची वाफ पेट घेणारी असते. ब्रश धुवायचे ॲसिटोन तर पेट्रोलसारखे भडकते. शिवाय राळ घट्ट होताना स्वतःच तापते. वाटीत उरलेला गोळा एवढा तापतो की धूर निघतो. म्हणून हे काम कापसाच्या, कुटाराच्या, चुलीच्या जवळ करायचे नाही. उरलेली राळ आणि माखलेली फडकी मोकळ्या जमिनीवर पसरून ठेवायची, गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. बिडीवाल्याला त्या दिवशी दुसऱ्या आळीत पाठवा.

म्हणूनच हंगाम पाहावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-44 ला जातो. उष्णता दहा अंश वाढली की राळ घट्ट व्हायला साधारण निम्माच वेळ लागतो. हिवाळ्यात जे मिश्रण पाऊण तास पातळ राहील, ते मे महिन्यात पहिली मॅट ओली होण्याआधीच दगड होईल. पावसाळ्यात मॅट ओल धरते आणि राळ चिकट राहते. पौष-माघातला दिवस, सकाळी दहा ते दुपारी एक, ही खरी वेळ. कापूस वेचणीही तोवर सरत आलेली असते.

राळ एकदम सगळी कालवू नका. एका वेळी 250 ग्रॅम. त्यात हार्डनर 3 ते 4 मि.ली., सुई काढलेल्या सिरिंजने मोजून. ऊन जास्त असेल तर अडीच मि.ली. पुरे. 5 च्या वर कधी नाही. आणि फार कमी घातले तर ती जन्मभर चिकटच राहते, मग कितीही उन्हात ठेवा. पसरट भांडे घ्या, खोलगट वाटीत ती लवकर तापते.

मॅटचे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे धागे एकमेकांत मिसळतात, सांधा दिसत नाही. आधी साच्यावर राळेचा हात, त्यावर मॅट, आणि मग ब्रशने टिपत जायचे. भिंत रंगवल्यासारखे ओढायचे नाही, धागे सरकतात. पांढरी मॅट राळ प्याली की पारदर्शक होते. जिथे पांढरे राहिले तिथे आत हवा आहे असे समजा आणि टिपून ती कडेला काढा. गोधडी घालताना बाया जसे थरावर थर नीट बसवतात, तसेच हे काम आहे, आणि खरे सांगायचे तर ते त्यांनाच जास्त साधते. 450 ची एक मॅट साधारण 1 मिलिमीटर जाडी देते. असे चार थर द्या. जिथे बोल्ट येणार, आणि जिथे मागच्या माणसाचा भार येणार, तिथे आणखी दोन. तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मधे बोल्टच्या जागी 3 मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी, भोक पाडून, घासून, बसवा. भार तेव्हा त्या पट्टीभर पसरतो. नुसत्या फायबरला भोक पाडून नट आवळला, तर ते पहिल्या हंगामातच तडकेल.

राळ घट्ट झाली पण अजून रबरासारखी आहे, अशी एक घटका येते. तेव्हाच धारदार सुरीने कडा छाटा, ताडपत्री कापावी तशी कापली जाते. ती घटका चुकली तर मग करवत, आणि करवतीबरोबर काचेची धूळ. ती धूळ अंगाला खाजकुयलीसारखी चावते, छातीत गेली तर त्याहून वाईट. कापायचेच झाले तर पाणी शिंपडत कापा, आणि ते गावाच्या कडेला, धान्य वाळत घातलेल्या खळ्यापासून आणि गुरांच्या कुटारापासून दूर. काचेचा चुरा वैरणीत गेला तर मुके जनावर सांगणार कुणाला? अंग थंड पाण्याने धुवा, आणि ते कपडे वेगळे धुवा.

दुसऱ्या दिवशी तळ साच्यावरून सुटेल. लगेच खुश होऊन फोम चिकटवू नका. तो फ्रेमवर हलकेच बोल्टने बसवून चार-पाच दिवस उन्हात ठेवा. ऊन लागून राळ पूर्ण पिकते, आणि फ्रेमवर बसलेला असल्याने वाकडा होत नाही. मग परीक्षा घ्या. फ्रेमच्या नळ्यांइतक्याच अंतरावर दोन विटा, वर तळ, आणि त्यावर घरातला सर्वांत वजनदार माणूस. कुरकुर आवाज आला किंवा कुठे पांढरी रेघ उमटली, तर त्या जागी खालून आणखी दोन थर द्यायचे.

तळाला पाणी जायला दोन-तीन भोके ठेवा. गाडीच्या जुन्या ट्यूबचे किंवा जाड रबराचे तुकडे फ्रेमवर द्या. टू-स्ट्रोक गाडीचा थरकाप फायबरपर्यंत थेट पोहोचता कामा नये. आणि मागच्या माणसाने धरायची मूठ फायबरला मुळीच लावायची नाही. ती फ्रेमच्या लोखंडाला, शॉकअपच्या वरच्या बोल्टाशी किंवा वेल्डिंगने पक्की. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा बाईचा सगळा भार त्या एका मुठीवर येतो. सीटचा पट्टाही तसाच, त्याची टोके फ्रेमला.

फोमचे काम तालुक्याच्या गावी कुशनवाल्याकडे द्या. गादीचा मऊ फोम घालू नका म्हणावे. तो दुकानात बसायला छान लागतो आणि महिन्याभरात तळाला टेकतो. मग यवतमाळहून घाटंजी गाठेपर्यंत कंबर धरते. खाली तुकड्यांचा दाबलेला घट्ट फोम दीड-दोन इंच, वर मऊ इंचभर. पोत्याच्या घड्यांची लिहून ठेवलेली उंची त्याला दाखवा, आणि भार पडल्यावर तेवढी उरली पाहिजे असे बजावा. रेक्झिन गुळगुळीत, चकचकीत नको, नायलॉनच्या साडीवरून ती निसटते. दाणेदार घ्या. शिवण बसायच्या जागेवर न येता कडेला यावी, कारण पाणी शिरते ते शिवणीतूनच. रेक्झिन तळाच्या खाली दुमडून चिकटवायचे आणि वर पॉप रिव्हेट मारायचे. रिव्हेटच्या भोकांना कड सोडून अर्धा इंच तरी आत जागा द्या.

एवढे झाल्यावर साडीगार्ड परत लावा. जुना सापडत नसेल तर सळई वाकवून फॅब्रिकेशनवाला करून देतो. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीवर नेताना बांधायचा पट्टा आणि हेल्मेट आता नियमाने लागते. ती दोन्ही सीटच्या कामाबरोबरच आणून ठेवा, मागाहून राहून जाते.

पहिल्या पंधरा दिवसांत बोल्ट दोनदा तपासा, कारण रबर दबते आणि बोल्ट सैल होतात. आवळताना नट हाताने बसला की पाना पाऊण फेराच द्यायचा. पहिल्या लांब फेरीला मागे बसणारीलाच घेऊन जा, आणि परत आल्यावर सीट उलटी करून पट्ट्यांच्या भोवती पांढरी रेघ दिसते का, ते उजेडात पाहा.